मेटॅलिकाचे पहिले चार अल्बम: मराठवाड्यातल्या ऐकणाऱ्यांचे आणि वाजवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी, बीड इथल्या ऐकणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलामुलींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी ऐकण्याचे, मग वाजवण्याचे.

थ्रॅश म्हणजे नक्की काय? साध्या हेवी मेटलपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या विशीच्या आतबाहेरच्या पोरांनी दोन गोष्टी एकत्र केल्या. डायमंड हेड, आयर्न मेडन, मोटरहेड अशा ब्रिटिश बँडच्या गिटारची रचना घेतली आणि हार्डकोर पंकचा वेग घेतला. या मिश्रणाला पुढे थ्रॅश म्हणू लागले. वेग हे त्याचं वरवरचं लक्षण. खरी ओळख म्हणजे तळव्याने दाबून वाजवलेली, तुटक, ठाशीव गिटार. तिच्यात स्वरापेक्षा आघात मोठा असतो. मेटॅलिका, स्लेअर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स हे चार बँड ‘बिग फोर’ म्हणून ओळखले जातात. त्यातला अँथ्रॅक्स न्यूयॉर्कचा, बाकीचे तिघे कॅलिफोर्नियाचे.

या पानावर फक्त पहिले चारच अल्बम का?

कारण थ्रॅशचं व्याकरण या चारांत घडताना ऐकू येतं. ‘किल ’एम ऑल’ १९८३ चा, ‘राइड द लाइटनिंग’ १९८४ चा, ‘मास्टर ऑफ पपेट्स’ १९८६ चा आणि ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ १९८८ चा. पहिल्यात नुसती धग आहे. दुसऱ्यात रचना येते, तिसऱ्यात रचना आणि धग एकमेकांत मुरतात, चौथ्यात रचना इतकी वाढते की गाणी सात, आठ, नऊ मिनिटांवर जातात. पाच वर्षांत एवढा प्रवास केलेले बँड फार नाहीत.

कुठल्या गाण्यापासून सुरुवात करू?

‘फॉर हूम द बेल टोल्स’. वेग मध्यम आहे, मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास, त्यामुळे कान गोंधळत नाही. सुरुवातीला घंटेनंतर जी किंचाळणारी सुरावट येते ती गिटारची वाटते, पण तो बास आहे, म्हणजे खालच्या सुरांची जाड तारांची गिटार. बँडचा बासवादक क्लिफ बर्टनने बासला डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं) आणि वाह पेडल (सूर उघड-बंद करणारं पायाखालचं यंत्र) लावून ती वाजवली आहे. त्यानंतर ‘फेड टू ब्लॅक’, मग ‘क्रीपिंग डेथ’, मग ‘वेलकम होम (सॅनिटेरियम)’. एवढं पचलं की ‘बॅटरी’ लावा. ‘बॅटरी’ची सुरुवात अकूस्टिक गिटारवर, शांत आहे. ती चुकूनही गाळू नका. त्या शांततेमुळेच पुढचा स्फोट मोठा वाटतो.

‘किल ’एम ऑल’ने सुरुवात करू नका, असं आमचं मत आहे. तो अल्बम वाईट मुळीच नाही, पण पुढचे तीन ऐकून मागे वळलात की त्याचा कच्चेपणा जास्त गोड लागतो.

मला सगळी गाणी एकसारखीच ऐकू येतात, नुसता गोंगाट. नेमकं काय ऐकायचं?

उजवा हात. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा: थ्रॅश हे उजव्या हाताचं संगीत आहे.

गोंधळ पाहिला-ऐकला असेल तर हे पटकन समजेल. संबळ वाजतं, गोंधळी कथा लावतो, आणि बाजूला तुणतुणं एकाच तारेवर न थकता चालू असतं. त्याच्याकडे मुद्दाम कोणी लक्ष देत नाही, पण ते थांबलं तर सगळं उघडं पडतं. मेटॅलिकाच्या गिटारमध्ये सगळ्यात जाड तार, म्हणजे खालचा ई, बरंचसं हेच काम करते. तिच्यावर उजवा हात ठोके देत राहतो आणि मधूनच दोन-तीन सूर वर उडी मारून परत त्याच तारेवर येतात. कान त्या जाड तारेवर ठेवा. वरच्या उड्या आपोआप वेगळ्या दिसायला लागतील आणि जो गोंगाट वाटत होता त्यात ओळी दिसतील.

दुसरी युक्ती हेडफोनची. या अल्बमवर ऱ्हिदम गिटार, म्हणजे सोलो सोडून गाण्याचा पाया धरणारी गिटार, एकदाच वाजवलेली नाही. बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डने तोच भाग पुन्हा पुन्हा वाजवून रेकॉर्ड केला आहे आणि ते ट्रॅक डाव्या-उजव्या बाजूला ठेवले आहेत. डावा कान काढून ऐका, मग उजवा. दोन्ही वेळा तोच माणूस, तीच रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा), पण केसाएवढा फरक. तो फरक मेंदूला रुंदी म्हणून कळतो. बँडमध्ये गिटारवादक दोन असले तरी स्टुडिओतला ऱ्हिदम बहुतेक एकट्या हेटफिल्डचा, यामागे हेच कारण आहे: उजव्या हाताची लकब जुळली नाही तर आवाजाची भिंत उभी राहत नाही. दुसरा गिटारवादक कर्क हॅमेट, त्याचं मुख्य काम सोलोचं.

मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकून मत बनवू नका. त्यात खालचे सूर येतच नाहीत, उरते ती फक्त करकर.

‘मास्टर ऑफ पपेट्स’ या गाण्याचं एवढं कौतुक का होतं?

गाणं साडेआठ मिनिटांचं आहे आणि त्यात एकही मिनिट भरतीचं नाही. सुरुवातीच्या तुटक ठोक्यांनंतर येणारी रिफ अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली सरकते, जणू पाय घसरतोय. गाणं व्यसनावर आहे. बोलणारं पात्र म्हणजे खुद्द ते व्यसन, माणसाला दोरीवर नाचवणारं. घसरण शब्दांच्या आधी सुरांत ऐकू येते.

वेग मिनिटाला साधारण २१२ ठोके, आणि प्रत्येक ठोक्यात दोन आघात. म्हणजे सेकंदाला सात. हेटफिल्ड हे सगळे आघात फक्त वरून खाली मारतो. खाली-वर असं आलटून पालटून मारलं तर कष्ट निम्मे होतील, पण वरचा आघात नेहमी किंचित हलका पडतो आणि रिफचा कणा मोडतो. ऐकून फरक कळतो: एक भिंत, एक कुंपण.

साडेतीन मिनिटांच्या सुमारास सगळं थांबतं. स्वच्छ गिटारवर सुटे सूर येतात, मग दोन गिटार जोडीने गातात. इथला पहिला, गाता सोलो हेटफिल्डचा आहे. पुढचा वेगवान सोलो हॅमेटचा. हा मधला भाग काढून टाकला तर गाणं चांगलं राहील, थोर राहणार नाही. श्वास घ्यायला जागा दिल्यावरच परत येणारी रिफ छातीवर बसते. शेवटी हसण्याचे आवाज येतात आणि गाणं संपतं. जिंकलं कोण ते तेवढ्यात कळतं.

हा अल्बम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय रेकॉर्डिंग नोंदणीत घेतला आहे. मेटलचा तो तिथला पहिलाच.

या गाण्यात ताल मोजताना मी दर वेळी चुकतो. का?

कडव्याच्या रिफमुळे. तिची तीन मापं सरळ चार-चारची आहेत आणि चौथं माप आखूड आहे. लिहिताना ते बहुतेक ५/८ लिहितात, म्हणजे आठ अर्ध्या मात्रांऐवजी पाच. तुम्ही टाळी देत बसता आणि रिफ तुमच्या आधीच समेवर येते.

झपताल किंवा रूपक ऐकणाऱ्याला विषम मात्रांचं वावडं नसतं, पण तिथे विषमता पूर्ण आवर्तनात मुरलेली असते. इथे सरळ चालीत अचानक एक पायरी गाळली आहे. उपाय सोपा: पहिली तीन मापं ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि’ अशी मोजा, चौथं फक्त ‘एक आणि दोन आणि तीन’ म्हणून लगेच परत ‘एक’. आधी गिटार न घेता, मांडीवर टाळी देत, निम्म्या वेगात. दहा-पंधरा आवर्तनं झाली की अंग शिकतं. रेकॉर्डवर ते माप गणिताने काटेकोर पाचाचं नाही, वाजवण्याच्या ओघात ते किंचित लांबतं. म्हणून मेट्रोनोमशी (ठरलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र) तंतोतंत जुळलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका.

हे सूर भैरवीसारखे का वाटतात?

बरोबर ऐकलंत. थ्रॅशमध्ये ज्या स्वरसप्तकाचा फार वापर होतो, त्याला पाश्चात्त्य संगीतात फ्रिजियन म्हणतात. त्याचे स्वर भैरवी थाटाचेच आहेत: रे, ग, ध, नी कोमल. जाड तार सा धरली की लगेच वरचा कोमल रे हा थ्रॅशचा आवडता धक्का. सा ते तीव्र म हे अंतरही खूप सापडेल. पण याला भैरवी राग म्हणू नका. रागाला चलन असतं, ठेहराव असतो, मींड असते. इथे त्याच घरातल्या विटा घेऊन वेगळी इमारत बांधली आहे.

आणखी एक जुळणारी गोष्ट. या संगीतात सतत वाजणारा पॉवर कॉर्ड म्हणजे नुसता सा आणि प, गंधार नाही. डिस्टॉर्शनमधून गंधार पाठवला की सुरांच्या आपसातल्या घर्षणाने किचाट होतो. सा-प मात्र स्वच्छ राहतो. तानपुऱ्यावर जी जोडी तासन्‌तास कानाला टोचत नाही, तीच इथेही टिकते.

क्लिफ बर्टनबद्दल सगळे एवढ्या आदराने का बोलतात?

बास हे मागे उभं राहायचं वाद्य आहे, हे त्याने मानलं नाही. ‘किल ’एम ऑल’वरचा ‘अ‍ॅनस्थीसिया’ हा जवळजवळ पूर्ण बासचा एकल तुकडा ऐका. त्याला घ्यायचं म्हणून बँडने लॉस एंजेलिस सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मुक्काम हलवला. ती त्याची अट होती. सुरांच्या जोडरचनेची समज बँडमध्ये त्याच्यामुळे वाढली आणि ‘राइड’ ते ‘मास्टर’ या काळात ते कानाला दिसतं.

२७ सप्टेंबर १९८६ ला पहाटे स्वीडनमध्ये दौऱ्याची बस उलटली आणि तो गेला. वय २४. ‘ओरायन’ हे शब्द नसलेलं गाणं त्याच्या अंत्यविधीला वाजवलं गेलं. त्याच्या मधल्या संथ भागात बास पुढे येऊन गातो. तो भाग रात्री, दिवे बंद करून, एकट्याने ऐकावा.

‘जस्टिस’मध्ये बास ऐकूच येत नाही. माझा हेडफोन खराब आहे का?

हेडफोन ठीक आहे. नवा बासवादक जेसन न्यूस्टेडने आपले भाग वाजवले होते, पण मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र बसवताना, ते जवळजवळ पुसले गेले. त्यात भर अशी की बास बऱ्याच ठिकाणी गिटारचीच रिफ जशीच्या तशी वाजवतो, आणि गिटारचा आवाज खालून जाड ठेवलेला आहे. दोघे एकाच जागेत बसले की हळू असणारा दिसेनासा होतो. त्यामुळे अल्बम कोरडा, हाडांचा सापळा असल्यासारखा वाटतो. ‘ब्लॅकन्ड’ला तो कोरडेपणा शोभतो, ‘वन’लाही. बाकी ठिकाणी मात्र नुकसान झालं, आणि ते कबूल करूनच हा अल्बम आवडून घ्यावा लागतो.

‘वन’च्या उत्तरार्धात दोन्ही पायांचा बास ड्रम आणि गिटार एकाच तुकड्या-तुकड्यांच्या लयीत मशीनगनसारखे चालतात. हात-पाय, दृष्टी, वाचा गमावलेल्या सैनिकाचं हे गाणं आहे. तिथे तो आवाज सजावट नाही, अर्थ आहे.

मेटॅलिकाचा १९९१ चा ‘ब्लॅक अल्बम’ थ्रॅश आहे का?

नाही. चांगला हेवी मेटल आहे.

घरचे म्हणतात हे सैतानाचं संगीत आहे. काय सांगू?

गाण्यांचे विषय सांगा. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ व्यसनाविरुद्ध. ‘डिस्पोझेबल हिरोज’ युद्धात वापरून फेकलेल्या पोरांवर. ‘लेपर मसाया’ श्रद्धेच्या नावावर पैसे उकळणाऱ्यांवर. ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ पैशापुढे वाकणाऱ्या न्यायावर. एकनाथ महाराजांच्या पैठणच्या मातीत वाढलेल्या माणसाला ढोंगावर कोरडे ओढणं परकं नाही. भारुडं तेच करतात, वेगळ्या सुरात. स्लेअरसारखे बँड भीतीदायक चित्रं मुद्दाम वापरतात हे खरं, पण त्यांचा गायक टॉम अराया स्वतः कॅथलिक आहे. एक गाणं शब्दांचा अर्थ सांगत घरच्यांना ऐकवा, आणि ते ‘वेलकम होम’ असू द्या, ‘बॅटरी’ नको.

डाउनपिकिंग (सगळे आघात फक्त वरून खाली) कसं शिकायचं? माझा हात दोन मिनिटांत भरून येतो.

हात भरून येतो कारण तुम्ही कोपरातून मारता किंवा पिक (तार छेडायची चकती) गच्च धरता, बहुतेक दोन्ही. असं करा.

पिक १ मिलिमीटर जाडीचं घ्या. पातळ पिक वळतं आणि परत यायला उशीर लावतं. बोटांच्या बाहेर पिकचं टोक ३-४ मिलिमीटरच दिसू द्या. तारेला सपाट नको, थोडं तिरपं धरा, म्हणजे ते अडकत नाही, सरकतं. पकड एवढीच की कोणी ओढलं तर पिक निसटेल.

तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजवर, तार जिथून सुटते नेमक्या त्या रेषेवर टेकवा. अर्धा सेंटिमीटर पुढे गेलात तर नुसतं ‘ठप’, सूर मेला. मागे गेलात तर तार मोकळी वाजते. नेमक्या जागी ‘ढप’ येतो आणि त्यात सूर ऐकू यायला हवा. ही जागा प्रत्येक गिटारवर शोधावी लागते आणि उभं राहून वाजवताना पट्ट्याच्या उंचीप्रमाणे बदलते. म्हणून बसून केलेला सराव स्टेजवर फसतो. पट्टा इतका आखूड ठेवा की बसल्यावर आणि उभं राहिल्यावर गिटार एकाच उंचीला राहील.

हालचाल मनगटातून, आणि पिक तारेखाली अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. बहुतेकांची शक्ती मारण्यात जात नाही, परत वर येण्यात जाते.

आता मेट्रोनोम. १२० वर, ठोक्याला दोन आघात, फक्त जाड तार, एक मिनिट. अर्धा मिनिट हात खाली सोडून झटका. असं पाच वेळा. सलग तीन दिवस एकही आघात न हुकता जमलं तर ४ ने वाढवा. १६० पर्यंत बहुतेक जण काही आठवड्यांत पोचतात. १८० च्या पुढे प्रत्येक पायरी महाग आहे. तिथे ४ ऐवजी २ ने चढा. २१२ ला साडेआठ मिनिटं टिकणं हे महिन्यांचं नाही, वर्षाचं काम समजा. ‘फॉर हूम द बेल टोल्स’ आधी, ‘क्रीपिंग डेथ’ नंतर, ‘मास्टर’ शेवटी.

स्नायू थकल्याची जळजळ चालेल. मनगटाच्या आत टोचणं, बोटांना मुंग्या, सकाळी मूठ उघडताना त्रास, यातलं काहीही दिसलं की सराव बंद करा. आठवडाभरात थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. कंडराची सूज सहन करून बरी होत नाही.

रेकॉर्डबरोबर वाजवताना सूर जुळत नाही. गिटार तर ट्यून केली आहे.

तीन शक्यता. ‘राइड द लाइटनिंग’ हा अल्बम प्रमाण पट्टीपेक्षा किंचित चढा आहे. ट्यूनरवर न जाता रेकॉर्डवरचा मोकळा ई ऐकून कानाने लावा. ‘द थिंग दॅट शुड नॉट बी’मध्ये गिटार पूर्ण एक स्वर उतरवली आहे. आणि नंतरच्या काळातले लाइव्ह व्हिडिओ पाहून वाजवत असाल तर तिथे बँड बहुधा अर्धा स्वर उतरवून वाजवतो.

नेहमीच्या ट्यूनिंगला तारांचा १०-४६ जाडीचा संच पुरतो. एक स्वर उतरवायचा असेल तर ११ चा घ्या, नाहीतर जाड तार लोंबते आणि प्रत्येक आघाताला सूर आधी चढतो, मग खाली येतो.

घरी आवाज भारी येतो, पण बँडबरोबर वाजवताना माझी गिटार गायब होते. का?

कारण तुम्ही अँपवरचा मिड, म्हणजे मधल्या सुरांचं बटण, शून्यावर ठेवलाय. रेकॉर्डवरचा तो पोकळ, गुरगुरणारा आवाज ऐकून सगळे तेच करतात. रेकॉर्डवर मात्र अनेक ट्रॅकची भिंत आहे. ‘मास्टर’च्या वेळी अँप होता मेसा बूगी मार्क टू सी प्लस. खोलीत तुमची गिटार एक, ड्रमची झांज वरची जागा खाते, बास खालची. मधली जागा तुमची, आणि तीच तुम्ही सोडून दिलीत.

१० पैकी बास ५, मिड ४ ते ५, ट्रेबल ६ पासून सुरू करा. गेन, म्हणजे आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण, ६ च्या वर नेऊ नका. गेन जास्त झाला की आघाताची धार बोथट होते आणि उजवा हात चुकला तरी कळत नाही. कमी गेनवर जड वाजलं तरच तुम्ही नीट वाजवताय. नॉइझ गेट (बारीक गुणगुण कापणारं यंत्र) वापरत असाल तर आघातांमधली शांतता स्वच्छ होईल एवढाच लावा. फार घट्ट केला तर लांब धरलेले सूर मध्येच तुटतात.

गिटारला अ‍ॅक्टिव्ह पिकअप (तारांखालचे, बॅटरीवर चालणारे आवाज पकडणारे भाग) असतील तर आत ९ व्होल्टची बॅटरी असते. वायर लावलेली राहिली की ती बॅटरी चालूच राहते. वाजवून झाल्यावर वायर गिटारमधून काढा. अचानक आवाज फाटका, दबका यायला लागला तर अँप उघडण्याआधी ही बॅटरी बदलून बघा.

उन्हाळ्यात माझ्या गिटारला काय होतं? मार्चपर्यंत ठीक होती.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि हवा ठणठणीत कोरडी होते. लाकूड पाणी सोडतं आणि आकसतं. फ्रेट धातूचे, ते आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोकं नेकच्या कडेला बाहेर येऊन हाताला टोचतात. नेक मागे झुकते आणि पहिल्या काही फ्रेटवर तार खडखडते. पावसाळ्यात उलट: लाकूड फुगतं, नेक पुढे वाकते, तारा उंच होतात.

उपाय म्हणजे आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवणं. एक छोटा आर्द्रतामापक घ्या. गिटार भिंतीवर न टांगता केसमध्ये ठेवा, केसमध्ये छिद्र पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला पिळलेला स्पंज ठेवा आणि तो दोन-तीन दिवसांनी पुन्हा ओला करा. पत्र्याच्या खोलीत दुपारी गिटार ठेवू नका, उन्हातल्या गाडीत तर अजिबात नाही. कूलर खोलीची हवा ओलसर करतो, हे गिटारला बरं; पण थेट झोतात ठेवली तर तारा आणि स्क्रू गंजतात.

ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवायचा तर एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस थांबून बघायचं. जड गेला तर जोर लावू नका, जाणकाराकडे न्या. आणि मेमध्ये रॉड फिरवलात तर जुलैत परत फिरवावा लागणार, हे धरूनच चाला.

अँपमधून सारखी गुणगुण येते. आणि तारेला हात लावल्यावर झिणझिण्या येतात.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तारेला हात लावल्यावर गुणगुण कमी होणं नेहमीचं आहे. झिणझिण्या येणं मात्र धोक्याचं: प्लग काढा आणि तोवर वाजवू नका. भाड्याच्या खोल्यांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण आत अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन तोडून वा दोन पिनचा अडॅप्टर लावून काम भागवू नका. माइक आणि गिटार वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर ओठ माइकला लागताच झटका बसू शकतो. सगळं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून घ्या.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर गुणगुण वाढत असेल तर तो स्क्वेअर वेव्ह असणार. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास होत नाही. नसेल तर लाइट येईपर्यंत अँप बंद ठेवून डाउनपिकिंग करा. त्या सरावाला अँप लागतच नाही.

खोलीला अंड्यांचे ट्रे लावले तरी शेजारी तक्रार करतात.

ट्रे खोलीतला घुमारा थोडा कमी करतात, बाहेर जाणारा आवाज अडवत नाहीत. आवाज वजनाने आणि फटी बुजवल्याने अडतो. आधी दाराखालची आणि खिडकीची फट बुजवा. मग दारावर आणि सामायिक भिंतीवर कापसाच्या जुन्या गाद्या उभ्या करा. बास ड्रम आणि अँप जमिनीवर थेट ठेवू नका, खाली जाड रबर किंवा गादी घाला. खालचे सूर फरशीतून पलीकडे जातात. रात्री १० नंतर बंद. शेजाऱ्यांना आठवड्याच्या वेळा आधीच सांगितल्या तर निम्म्या तक्रारी होत नाहीत.

कानांना किती सोसतं?

८५ डेसिबल आवाज दिवसात आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रमसकट सराव १०० सहज ओलांडतो. इअरप्लग लावा, सगळ्यांनी, ड्रमरने आधी. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर आवाज जास्त झाला होता. आज शिट्टी थांबते म्हणून उद्याही थांबेल असं धरू नका.

ड्रमर मिळत नाही. हलगी किंवा संबळ वाजवणारा मुलगा शिकेल का?

नक्की, आणि लवकर. हलगीत जाड काडी मुख्य ठोका देते आणि बारीक काडी मधल्या जागा भरते. दोन हातांना दोन कामं द्यायची सवय आधीच आहे. थ्रॅशचा मूळ ठेका हाच: पाय (बास ड्रम) आणि स्नेअर (काडीने वाजवायचा छोटा ड्रम) आलटून पालटून, झांजेवर हात सतत. नवीन गोष्ट फक्त पायांची. सुरुवातीला एकाच पेडलवर, टाच उचलून, ८० च्या लयीत. दुहेरी पेडल सहा महिन्यांनी. हलगी शेकून ताणणाऱ्याला कातडं किती तणलंय ते बोटाने कळतं, त्यामुळे ड्रम ट्यूनिंगही त्यालाच करू द्या.

घरी रेकॉर्ड करताना ती भिंत कशी आणायची?

तीच रिफ दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. पहिलीची नक्कल करून दुसरीकडे डकवू नका; दोन्ही बाजू हुबेहूब असल्या की कानाला ती मधली एकच मोठी गिटार वाटते. प्रत्येक ट्रॅकवर गेन नेहमीपेक्षा कमी, कारण दोन बेरजेने जड होतात. दोन्हींचे आघात एकाच क्षणी सुरू झाले पाहिजेत आणि एकाच क्षणी थांबले पाहिजेत. थांबणं जास्त अवघड.

मेटॅलिका भारतात आले होते का? आणि आपल्याकडे थ्रॅश कोण वाजवतं?

३० ऑक्टोबर २०११, बेंगळुरू, पॅलेस ग्राउंड्स. त्याच्या दोन दिवस आधीचा दिल्लीजवळचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला होता. आपल्याकडचे ऐकायचे तर मुंबईचे सेप्टर आणि झिग्नेमा, बेंगळुरूचे क्रिप्टॉस.

हे चार अल्बम झाले. पुढे काय ऐकू?

स्लेअरचा ‘रेन इन ब्लड’, १९८६. जेमतेम अर्ध्या तासात दहा गाणी. ‘मास्टर’च्याच वर्षी आलेला आणि त्याच्या अगदी उलट स्वभावाचा. मग मेगाडेथचा ‘रस्ट इन पीस’, १९९०. मेगाडेथचा डेव्ह मस्टेन आधी मेटॅलिकात होता, १९८३ मध्ये त्याला काढलं, आणि ‘किल ’एम ऑल’च्या चार गाण्यांवर त्याचं नाव आहे. त्यातलं ‘द फोर हॉर्समेन’ आणि मेगाडेथच्या पहिल्या अल्बमवरचं ‘मेकॅनिक्स’ ही एकाच मुळाची दोन झाडं आहेत. पाठोपाठ लावा आणि दोघांचे उजवे हात ऐका.